अकरा मिलिमीटर

“श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका.”

आवाज वैजयंताचा होता आणि यंत्राच्या बोगद्यात आडवी पडलेली बाईही वैजयंताच होती.

सात वर्षांपूर्वी हे यंत्र मिरजेच्या रुग्णालयात आलं, तेव्हा त्याच्यासोबत कंपनीनं पाठवलेला मराठी आवाज इतका पुस्तकी होता की ‘श्वसन स्थगित करा’ हे ऐकून शिराळ्याकडची एक म्हातारी चक्क उठून बसली आणि चप्पल शोधायला लागली. मग विभागप्रमुख डॉक्टर गुरवांनी ठरवलं, आपल्याच माणसाचा आवाज भरायचा. विभागात सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत शांत वैजयंता मगदूम. वर्षानुवर्षं रोज शंभरदा तेच शब्द बोलून तिची जीभ त्यांना सरावलेली. एका दुपारी बसून तिनं ते बोलून दिले. पुढं हेच यंत्र सोलापूर, कोल्हापूर, बेळगाव अशा बारा ठिकाणी बसलं, आणि सगळीकडे माणसं तिच्या सांगण्यावरून श्वास रोखायला लागली. घरी मात्र तिचं ऐकायला कोणी नव्हतं. सत्तावन्न वय, लग्न केलेलं नाही, आईवडील जाऊन जमाना झाला. संध्याकाळी फ्लॅटचं कुलूप काढून आत शिरताना ती लहानपणच्या सवयीनं “आले गं” म्हणायची आणि मग स्वतःच्याच वेडेपणाला हसायची.

“श्वास सोडा,” तिचाच आवाज तिला म्हणाला.

दुखत काही नव्हतं. कर्मचाऱ्यांच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफी झाली आणि यकृतावर डाग दिसले, एवढंच. मेज बोगद्यातून बाहेर सरकलं तशी ती उठून बसली आणि काचेपलीकडे पाहिलं. तिथं नीलोफर मुल्ला बसली होती, चौदा वर्षं तिच्या हाताखाली तयार झालेली तंत्रज्ञ. नीलोफर बाहेर आली, वैजयंताच्या हातातली सुई काढली, कापूस लावला.

“काय गं?” वैजयंतानं विचारलं.

“रिपोर्ट डॉक्टर सांगतील, मॅडम.”

हे वाक्य तिनंच नीलोफरला शिकवलेलं. नुसतं वाक्य नाही, म्हणायचं कसं तेही. डोळ्यांत बघायचं नाही, कपाळाकडे बघायचं, टिकलीवर नजर टेकवायची, म्हणजे समोरच्याला वाटतं आपल्याकडेच बघताहेत. हात कशाततरी गुंतलेला ठेवायचा. आवाज एका पट्टीत. आपण फोटो काढणारे, वाचणारे नव्हे. आपल्या तोंडून अर्धवट गेलं तर माणूस तिथंच कोसळतो, आणि आपलं चुकलेलं असलं तर विनाकारण कोसळतो. नियम चांगलाच होता, आणि वैजयंतानं तो एकदाही मोडला नव्हता.

नीलोफर तिच्या टिकलीकडे बघत होती.

त्या यंत्राला विभागात सगळे ‘चौकडी’ म्हणत. त्याचं कारण सोपं होतं. पूर्वी यकृताची गाठ पाहायची तर रुग्णाला चार खोल्यांत फिरवावं लागायचं. सीटी स्कॅन गाठीचा आकार आणि घट्टपणा दाखवायचा. एमआरआय तिच्यातलं पाणी आणि आतले थर दाखवायचा. शिरेत औषध सोडून केलेली सोनोग्राफी गाठीत रक्त कुठून आणि किती सेकंदांत शिरतं ते दाखवायची. आणि चौथी तपासणी, पेट स्कॅन, गाठ साखर किती हावरेपणानं खाते ते सांगायची. चौघं आपापल्या परीनं खरंच बोलायचे, पण चौघांचं वेगवेगळं ऐकून डॉक्टरांनी मनातल्या मनात मेळ घालायचा, आणि तिथं घोटाळे व्हायचे. नेहमीच्या गाठी ओळखू यायच्या. पण यकृताच्या काही गाठी इतक्या विरळ, की एखाद्या डॉक्टरच्या जन्मात एक दिसेल न दिसेल. न पाहिलेली वस्तू ओळखणार कशी? तो तिला ओळखीच्या वस्तूचंच नाव देणार.

चौकडी या चारही तपासण्या एकाच मेजावर, एका तासात करायची आणि चारही चित्रं मिलिमीटर मिलिमीटर जुळवून एकावर एक बसवायची. मग जगभरातल्या रुग्णालयांनी जमा केलेल्या विरळ गाठींच्या चित्रांशी ते चौपदरी चित्र ताडून बघायची. जे एका डॉक्टरला जन्मात एकदा दिसायचं, ते तिनं हजारदा पाहिलेलं असायचं.

फक्त एक अट होती. यकृत छातीच्या पडद्याखाली लटकलेलं असतं, श्वास घेतला की ते दोन-तीन बोटं खाली सरकतं, सोडला की वर येतं. म्हणून चारही वेळा श्वास त्याच खोलीवर रोखला गेला पाहिजे. थोडाफार फरक पडला तर यंत्र ओढूनताणून चित्रं जुळवतं, पण त्या ओढाताणीत बारीक शिरांची टोकं पुसली जातात.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर गुरवांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. तीस वर्षं सोबत काम केलेल्या बाईला लपवून ठेवण्यात अर्थ नाही हे त्यांना कळत होतं.

“सात गाठी आहेत,” ते म्हणाले. “यंत्र म्हणतंय, दुसरीकडून पसरून आलेला कर्करोग. शंभरात अठ्ठ्याऐंशी.”

वैजयंतानं चित्र पाहिलं. यकृताच्या कडेकडेनं बसलेले काळसर गोल डाग. असंच एक चित्र तिनं नऊ वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं काढलं होतं. ते डोक्यात कायम होतं, वेगळं आठवायची गरज पडली नाही.

“म्हणजे काही महिने,” ती म्हणाली.

“यंत्र बरोबर असेल तर. पण वैजयंताबाई, मूळ कुठं सापडत नाही. पोट, फुप्फुस, स्तन, सगळं स्वच्छ. आणि दुसरं म्हणजे, तुमची चित्रं एकमेकांवर बसलेलीच नाहीत. अकरा मिलिमीटरचा फरक आहे. हसू नका, पण हे यंत्र आल्यापासूनचं सगळ्यांत वाईट जुळलेलं चित्र तुमचं आहे.”

तिला हसूच आलं. मग त्यांनी तिचा श्वासाचा आलेख दाखवला आणि ते विरलं. आवाज ‘श्वास घ्या’ म्हणायच्या आधीच तिची छाती भरलेली होती. आणि ‘रोखून धरा’ येईपर्यंत थोडा श्वास निसटलेला, कधी जास्त, कधी कमी.

“तुम्ही आत पडून बोलताय,” डॉक्टर म्हणाले. “ओठ हलताहेत तुमचे.”

ते खरं होतं. श्वास रोखायला सांगणारे तंत्रज्ञ काचेपलीकडे स्वतःही श्वास रोखतात, ही या धंद्यातली जुनी खोडच. सांगताना आधी आपण श्वास घ्यायचा, मग बोलायचं, बोलताना थोडा सोडायचा, मग उरलेला धरायचा. तीस वर्षं दिवसाला शंभर माणसांबरोबर तिनं हेच केलं होतं. शरीराला दुसरं काही येतच नव्हतं.

आवाज बंद करून पुन्हा चित्रं काढली. नीलोफरनं पायाला हात लावून खूण करायची असं ठरलं. पण नीलोफरची लय तिनंच घडवलेली. ती कधी बटण दाबणार, कधी मान वर करणार, हे वैजयंताला डोळे मिटून कळत होतं. खूण यायच्या आधीच छाती भरायची. नऊ मिलिमीटर.

“सरळ सुई घालून तुकडा घ्या की,” ती कंटाळून म्हणाली.

“घालणारच आहे. पण कुठं घालू? गाठी मोठ्या शिरांना लागून आहेत. आणि मला एका विरळ गाठीची शंका येतेय, तिच्यात मधला भाग नुसता चिवट, मेलेला असतो. तो हाताला लागला तर अहवाल काहीच सांगत नाही. इतर ठिकाणी काहीजणींचं असं झालंय, चुकीची औषधं घेत राहिल्या.” डॉक्टरांनी चष्मा काढला. “शंका खरी ठरली तर महिन्यांची गोष्ट राहत नाही, वर्षांची होते. त्यासाठी चित्र जुळलं पाहिजे. घरचं कोणीतरी आणा. ज्याच्या हाताचा तुम्हाला अंदाज बांधता येणार नाही असं माणूस. उशाशी बसेल, हात धरेल आणि समोरच्या पडद्यावर तुमच्या श्वासाची रेघ ठरलेल्या खुणेला पोचली की दाबेल, कुठल्या श्वासाला ते त्या माणसाच्या मर्जीवर.”

“आणते,” ती म्हणाली.

तपासणीच्या अर्जावर वरून तिसरा रकाना असतो: सोबत कोण. तीस वर्षं ती दुसऱ्यांचा तो रकाना भरून घेत आली होती. मुलगा, नवरा, जाऊ, शेजारीण. कोणी ‘कोणी नाही’ म्हणालं तर ती मनातल्या मनात चुकचुकायची आणि पुढच्या रकान्याकडे वळायची. आज स्वतःचा अर्ज जेवणाच्या टेबलावर ठेवून ती बसली. आमटी निवून गेली.

एकच नाव होतं, आणि त्या नावाशी ती नऊ वर्षं बोलली नव्हती.

शालन तिची धाकटी बहीण, तासगावला दिलेली. शालनचे यजमान भूपालराव, द्राक्षबागायतदार, मोठ्यानं हसणारे गृहस्थ. त्यांच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा शालननं त्यांना मिरजेला आणलं, कारण अक्का तिथं होती. गुरुवारी अक्कानंच चित्र काढलं. यकृतभर डाग, चाळणीसारखे. शालननं बाहेर गाठून विचारलं, “काय दिसलं गं अक्का?” आणि अक्का म्हणाली, “रिपोर्ट डॉक्टर सांगतील.” रिपोर्ट सोमवारी यायचा होता. मधल्या रविवारी वैजयंता तासगावला जेवायला गेली. जाणं आधीच ठरलेलं होतं, आणि न जाणं म्हणजे सांगितल्यासारखंच झालं असतं. भूपालराव बागेत औषध मारून आले आणि न जेवताच आडवे झाले. शालन त्यांच्यावर उखडली. नाटकं करताय, पोटाचं निमित्त काढून बाग वाळवाल, उठा आधी. सगळे हसले. भूपालरावही हसले आणि उठून पुन्हा बागेत गेले. वैजयंताही हसली.

दोन महिन्यांनी भूपालराव गेले. तेराव्याला शालननं तिला घरात बोलावून दार लावलं. “गुरवारीच बघितलं हुतंस तू,” ती म्हणाली. “आणि आयतवारी माझ्या घरात बसून हसलीस.” वैजयंतानं नियम सांगायचा प्रयत्न केला. नियम बरोबर होता, त्यामुळे ते फारच वाईट ऐकू आलं. त्यानंतर दोघींचं बोलणं संपलं.

तिनं फोन लावला. वाजत राहिला, आणि ती ठेवणार एवढ्यात उचलला गेला. पाठीमागं बेदाण्याच्या शेडमधली बायकांची बडबड ऐकू येत होती.

“शालन, मी.”

“बोल.”

“एक तपासणी करायचीय. सोबत माणूस लागतंय.”

“दुसरं कोण मिळालं न्हाई?”

“न्हाई.”

“काय झालंय?” शालननं विचारलं.

‘रिपोर्ट यायचाय’ हे शब्द अगदी जिभेवर आले होते. वैजयंतानं ते गिळले. “लिव्हरवर गाठी हायत. सात. भूपालरावांच्या हुत्या तशाच दिसत्यात.”

शालन म्हणाली, “बुधवारी दुपारच्या गाडीनं येते.”

बुधवारी वैजयंता एसटी स्टँडवर गेली, शालनच्या हातात किल्ली दिली आणि कामावर परत आली. धड बोलणं झालंच नाही. शालन जाडावली होती, केस पांढरे झाले होते आणि मनगटावर भूपालरावांचं मोठं पोलादी घड्याळ होतं, सैल पट्ट्याचं. सोबत कपड्यांची मोठी बॅग.

संध्याकाळी वैजयंतानं फ्लॅटचं दार ढकललं आणि सवयीनं म्हणाली, “आले गं.”

“हात-पाय धू,” स्वयंपाकघरातून आवाज आला. “भाकरी टाकतीय.”

ती दारातच उभी राहिली. मग तिनं हात-पाय धुतले, दोन ताटं घेतली, आणि दोघी समोरासमोर बसून जेवल्या. वांग्याची भाजी शालनच्या हातची, आईसारखी तिखटजाळ.

“बॅग मोठी आणलीस,” वैजयंता म्हणाली.

“राह्यलाच आलीय. शेवटपर्यंत.” शालन ताटाकडे बघून बोलत होती. “त्यांच्या वेळी कळलं असतं तर एवढंच केलं असतं मी. भांडले नसते. जवळ बसले असते. ते न्हाई जमलं, तुझं तरी करीन.”

ते ऐकून वैजयंताला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, आणि बरं जास्त वाटलं याची लाज वाटली.

गुरुवारी सकाळी नीलोफरनं शालनच्या अंगावरचं सगळं धातूचं काढून घेतलं. पिना निघाल्या, कानातलं निघालं. घड्याळ काढताना शालनचा हात जरा अडखळला. सीटीपुरता तिला शिशाचा जड अंगरखा घातला. मग ती बोगद्याच्या उशाकडच्या स्टुलावर बसली आणि वैजयंतानं डोक्यामागं लांबवलेला हात तिनं हातात घेतला. नऊ वर्षांनी पहिल्यांदा.

“कसं करायचं?” शालननं विचारलं.

“नदीत करत हुतो तसं.”

भिलवडीला घाटाखाली शालनला पोहायला शिकवताना वैजयंतानंच तो खेळ काढला होता. सहा वर्षांची शालन पाण्याला इतकी भ्यायची की ओठ निळे पडायचे. तर तू धाकटी असलीस तरी राज्य तुझं, असं ठरलं. हात धरून दोघींनी बुडी मारायची. तू हात दाबून धरलास की मी खाली थांबणार, सोडलास की दोघी वर. कधी सोडायचं ते तू ठरवायचं. शालनची भीती चार दिवसांत गेली आणि मग ती लबाड झाली. कधी लगेच सोडायची, कधी अक्काचे कान वाजायला लागेपर्यंत दाबून धरायची. अंदाज म्हणून बांधता यायचा नाही.

मेज आत सरकलं. आवाज बंद केलेला होता. वैजयंता डोळे मिटून पडली आणि वाट बघत राहिली. छाती आपणहून भरायला लागली, पण हात दाबला गेला नाही, आणि तो श्वास तसाच वाया गेला. पुढचाही गेला. तिसरा निम्म्यावर आला असेल नसेल, आणि शालननं हात दाबला, जुन्या ताकदीनं. वैजयंता थांबली. जिथं होती तिथंच. यंत्र धडधडलं, थांबलं. हात सुटला.

एका तासात चार वेळा असं झालं. चौथ्या वेळी वैजयंताला घाटाच्या दगडांवरचं शेवाळ पायाखाली लागल्यासारखं वाटलं.

बाहेर येऊन अंगावर शाल घेऊन ती काचेपलीकडे गेली. चित्र तिचंच होतं, तिला कोण अडवणार? पडद्यावर चारही चित्रं एकेक करून खाली उतरली आणि एकावर एक बसली. फरक एका मिलिमीटरच्याही आत. मग तिला ते दिसलं. यकृतातली एक बारीक शीर निमुळती होत येते आणि बरोबर गाठीच्या कडेला संपते, काडीला गोळी लावावी तशी. दुसरीचंही तसंच, तिसरीचंही. गाठींच्या आत थरावर थर, वरून यकृताची कड किंचित आत ओढलेली. साखरेची हाव बेताची. यंत्रानं आपलं आधीचं मत मागं घेतलं होतं. रक्तवाहिनीच्या अस्तरातून उगवणारी एक गाठ असते, दहा लाखांत एखाद्याला होणारी. पडद्यावर तिचं नाव होतं, आणि पुढं आकडा, शंभरात चौऱ्याण्णव. अशा गाठी पुष्कळदा वर्षानुवर्षं जागच्या हलत नाहीत. त्यांच्यावर नजर ठेवून माणूस जगतं.

महिन्यांची गोष्ट वर्षांची झाली होती. नीलोफरनं मान वर केली, आणि या वेळी ती टिकलीकडे बघत नव्हती. तिचे डोळे भरले होते. “सर कोल्हापूरला गेलेत,” ती हळूच म्हणाली. “सोमवारी येतील. रिपोर्ट तेव्हाच.”

सोमवार. मध्ये चार दिवस. वैजयंताच्या डोक्यात आलं ते इतकं सहज आलं की तिला आधी कळलंच नाही आपण काय ठरवतोय. चार संध्याकाळी. चारदा ‘आले गं’ आणि चारदा ‘हात-पाय धू’. नंतर सुईची तपासणी, तिचा अहवाल यायला आणखी आठवडा. कोणी खोटं बोलायचं नव्हतं. नियमानं वागायचं होतं फक्त, जसं ती आयुष्यभर वागली.

शालन बाहेर बाकावर बसून घड्याळाचा पट्टा अडकवत होती. “काय दिसलं गं अक्का?” तिनं विचारलं. नऊ वर्षांपूर्वीचेच शब्द.

वैजयंतानं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. नजर सवयीनं शालनच्या कपाळाकडे गेली, पण तिथं टिकली नव्हती. भूपालराव गेल्यापासून शालन लावत नसे. नजर टेकवायला जागा मिळाली नाही, आणि ती घसरून डोळ्यांवर आली. शालनचे डोळे थकलेले होते, आणि ती खरोखरच घाबरलेली होती.

वैजयंता तिच्याशेजारी बसली. “डॉक्टर सोमवारी सांगतील,” ती म्हणाली. “सुई घालतील, तवा पक्कं हुईल. पण मी बघितलंय ते आत्ता सांगते. भूपालरावांची हुती ती गाठ न्हाई ही. येगळीच हाय. हळू वाढती, कधी कधी वाढतबी न्हाई. शालन, मी एवढ्यात मरत न्हाई.”

“पक्कं?”

“माझ्या डोळ्यांना पक्कं.”

शालननं पदराचं टोक तोंडावर धरलं आणि ती रडायला लागली, आवाज न करता, खांदे हलत होते. वैजयंतानं पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला नाही. मग रडणं थांबलं. तिनं डोळे पुसले, नाक पुसलं.

“दोन मिन्टं लागली तुला सांगायला,” ती म्हणाली.

“व्हय.”

“तवाबी दोनच लागली असती.”

“व्हय. सांगायला पायजे हुतं. चुकलं माझं.”

“चुकलंच.” शालन उठली. साडी सारखी केली, पिना लावल्या. “घरची किल्ली दे. बॅग आणते. साडेतीनची गाडी गावंल.”

“आजच्या दिवस राह्यलीस तर?”

“मरणाऱ्या माणसाजवळ राह्यला आलते अक्का,” शालन म्हणाली. रागानं नाही, सरळ आवाजात. “जगणाऱ्या अक्कासंगं माझं भांडण हाय.”

संध्याकाळी वैजयंतानं फ्लॅटचं दार उघडलं आणि काही म्हणाली नाही. स्वयंपाकघरात दोन्ही ताटं धुऊन पालथी घातलेली होती. डब्यात चार भाकरी होत्या, फडक्यात गुंडाळलेल्या, आणि शेजारी बेदाण्याची पिशवी. ती ओट्याशी उभ्यानंच एक भाकरी खायला लागली आणि तिला फार एकटं वाटलं, आपण मरणार असं वाटत होतं तेव्हापेक्षाही जास्त. वर्षं मिळाली होती. ती सगळी याच खोल्यांत काढायची होती. सांगितलं याचा पश्चात्ताप होतोय का, हे तिनं स्वतःला विचारून पाहिलं. होत नव्हता. पण त्यानं भाकरी घशाखाली उतरायला काही मदत झाली नाही.

सोमवारी डॉक्टर गुरवांनी चित्र पाहून अगदी गाठीच्या कडेला सुई घातली. अहवालात तेच नाव आलं. त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं, “आता दर तीन महिन्यांनी चित्र. वाढ होतेय का ते बघायचं. अर्धा मिलिमीटर वाढलं तरी कळायला हवं, म्हणून प्रत्येक चित्र याच चित्रावर तंतोतंत बसलं पाहिजे. त्याच श्वासात. बहिणीला आणावं लागेल, बाई. दर वेळी.”

“किती वर्षं?”

“देव देईल तेवढी.”

तिनं शालनला निरोप पाठवला. तारीख, वेळ, आणि हे कारण, दोन ओळींत. उत्तर आलं नाही. मध्ये दिवाळी आली आणि गेली. वैजयंता कामावर जात होती, माणसांना श्वास रोखायला सांगत होती, काचेमागं स्वतः रोखत होती. एकदा एका बाईनं बाहेर येऊन तिला विचारलं, काय दिसलं, आणि तिनं नियमाप्रमाणं सांगितलं की रिपोर्ट डॉक्टर सांगतील. पण टिकलीकडे न बघता डोळ्यांकडे बघून सांगितलं, आणि ती बाई जाईपर्यंत तिच्याजवळ बसली.

ठरल्या दिवशी तिनं अर्ज घेतला आणि तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं. दहाला पाच मिनिटं कमी होती. काय लिहायचं ते ठरत नव्हतं, एवढ्यात समोरच्या टेबलावर कोणीतरी एक पोलादी घड्याळ आणून ठेवलं.

“लवकर आटप,” शालन म्हणाली. “दीडची गाडी हाय.” हातात लहानशी पर्स होती. बॅग नव्हती.

आत तिनं कानातलं आणि पिना काढून ठेवल्या. अंगरखा घातला, स्टुलावर बसली, हात घेतला. पहिलं चित्र झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्या वेळी शालननं हात दाबला तेव्हा वैजयंताची छाती निम्मी भरली होती. ती थांबली. यंत्र धडधडलं आणि शांत झालं.

“झालं मॅडम,” नीलोफरचा आवाज आला. “चित्र छान बसलंय. सोडा श्वास.”

हात सुटला नाही.

नीलोफरचं बोलणं शालनलाही ऐकू गेलं असणार. तरी बोटं तशीच घट्ट होती, उलट किंचित जास्त घट्ट झाली. वैजयंताच्या कानांत वाजायला लागलं. तिनं अंदाज बांधला नाही. वर कधी यायचं ते शालननं ठरवायचं होतं, आणि ती तशीच श्वास धरून पडून राहिली.